बॅनर उतरल्यावर

प्रति,
लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव नवी मुंबई विमानतळाला मिळावं म्हणून लढलेली सर्वपक्षीय कृती समिती
आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्या गावोगावच्या कमिट्या यांस



२४ जून २०२१. 'दिबां'चा स्मृतिदिन. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, आणि आपण सगळे बेलापूरला सिडको भवनाच्या दिशेने निघालो होतो. त्याआधी १० जूनला मानवी साखळी झाली होती. एरवी एकमेकांच्या लग्नाला जायचं की नाही हे पक्ष बघून ठरवणारी माणसं त्या दिवशी हातात हात धरून उभी होती. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही समिती नाव मिळेपर्यंतच टिकेल. माझा अंदाज खोटा ठरावा म्हणून हे पत्र लिहितो आहे.

विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरला पहिली विमानं उडाली. लगेच १३ जानेवारीला दिबांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली. ते आपल्या जासईचे. हारतुरे झाले, भाषणं झाली, ती व्हायलाच हवी होती. पण ज्या विमानतळाच्या नावासाठी आपण रस्त्यावर उतरलो, त्याच्याकडे बॅगा घेऊन निघालेली आपली पोरं कशी जातात, कशावर जातात आणि तिकडे गेल्यावर त्यांच्यामागे कोण असतं, हे समितीच्या कानावर घालायचं आहे.

तुम्हीही पाहिलं असेल, दास्तान फाट्यावर वाढदिवसाच्या बॅनरांच्या गर्दीत गेल्या काही वर्षांत एक नवा बॅनर दिसू लागला आहे. 'उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मध्ये मुलाचा किंवा मुलीचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस चेहरे. माझ्या चुलतभावाच्या मुलीचाही असा बॅनर लागला होता. शुभेच्छुकांत मीही होतो, फोटो दहा वर्षांपूर्वीचा.

पोरगी आपल्याच मातीतली. रयतच्या जासईच्या शाळेतून निघाली आणि पुढे पनवेलला शिकली. बंदराच्या सावलीत वाढल्यामुळे कंटेनर कुठून येतो नि कुठे जातो याचं लहानपणापासून कुतूहल. म्हणून सप्लाय चेनमधलं एक वर्षाचं मास्टर्स करायला ती इंग्लंडला गेली. तिचा बाप ट्रेलर चालवतो, स्वतःचा, हप्त्यावरचा. घरात परदेशी शिकायला जाणारी ती पहिली, तेव्हा विचारायचं तरी कोणाला? विचारलं एजंटाला. एजंट मुलांकडून फी घेत नाही, हे ऐकून भाऊ खूश झाला होता. एजंटाला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, आणि म्हणून तो जिथे कमिशन जास्त तिथलं कॉलेज आधी दाखवू शकतो, हे त्याला पुढे बऱ्याच महिन्यांनी उमगलं.

मग पैशांचं गणित. लंडनच्या बाहेर शिकणाऱ्याला त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे दरमहा १,१३६ पौंड धरून नऊ महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च दाखवायचा होता. म्हणजे १०,२२४ पौंड, आपल्या पैशांत बारा लाखांच्या आसपास. शिवाय उरलेली फी. आणि ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून असली पाहिजे. एका दिवसासाठी जरी खाली आली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या २८ दिवसांवर आपल्याकडे एक धंदा उभा राहिला आहे. महिनाभरासाठी खात्यात पैसे 'दाखवायला' देतात, व्याज आधी कापून घेतात, व्हिसा झाला की पैसे परत. म्हणजे कागदावर मुलीकडे बारा लाख असतात आणि विमानात बसताना तिच्या पर्समध्ये जे असतं तेच खरं. हे पैसे दाखवायचे नसून तिथे जगायला लागणार आहेत, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. मीही नव्हतो, मला तेव्हा हा नियमच ठाऊक नव्हता.

आता कर्जाकडे येतो, कारण इथे गोष्ट आपल्या, म्हणजे समितीच्या दारात येते.

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. आपल्याकडे तारण काय? १९७० पासून नवी मुंबई वसवायला सिडकोकडे जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड पदरात पडले. बाहेरच्या माणसाला वाटतं, नवी मुंबईत भूखंड आहे म्हणजे हे लोक कोट्यधीश. भावाच्या घरचा भूखंड कोणाच्या नावावर आहे ते ऐका: वारलेल्या आजोबांच्या आणि त्यांच्या चौदा वारसांच्या. त्यातल्या तीन आत्या उरणला, एक पेणला, एका काकाशी वीस वर्षं बोलणं नाही. भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्याचा, म्हणून गहाण ठेवायला सिडकोचं ना-हरकत हवं. आणि राहतं घर? ते गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेलं. माणसं वाढली, गावठाण त्या मानाने वाढलं नाही, पोरांची लग्नं झाली, भिंती चढल्या. ही घरं नियमित करण्याचे शासन निर्णय निघत राहिले, आपण पेढेही वाटले. पण बँकेचा वकील पेढे बघत नाही, टायटल बघतो. त्याने फाईल परत केली.

म्हणजे घर आहे, जमीन आहे, आणि तारण शून्य. मग खासगी वित्तसंस्थेकडून चढ्या व्याजाने कर्ज काढलं, ट्रेलरवर आणखी बोजा चढवला, वहिनीचं सोनं गहाण पडलं. गरजेपोटीच्या घरांचा प्रश्न आपण आजवर बुलडोझरच्या भीतीने मांडत आलो. तो पोरांच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे, हे मला त्या फाईलने शिकवलं.

सप्टेंबरात ती गेली. घर भाड्याने घ्यायला गेली तर मालक म्हणाला, इंग्लंडात राहणारा जामीनदार आण, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ दे. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. पहिले अकरा दिवस ती एका खोलीत इतर चार मुलींबरोबर जमिनीवर झोपली. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, आणि ते वीस तास मिळायला नोव्हेंबर उजाडला. डिसेंबरात इकडे ट्रेलरला अपघात झाला. जीव वाचला, गाडी दोन महिने गॅरेजला. जानेवारीत फीचा दुसरा हप्ता होता.

हप्ता चुकला तर काय होतं? तिकडचं विद्यापीठ मुलांच्या व्हिसाचं प्रायोजक असतं. फी थकली म्हणून मुलाला अभ्यासक्रमातून काढलं तर ते गृहखात्याला कळवावं लागतं, आणि मग देश सोडण्याची मुदत सुरू होते. २०२४ साली टीसाइड विद्यापीठात नायजेरियाच्या विद्यार्थ्यांवर हेच ओढवलं. त्यांच्या देशाचं चलन कोसळलं, घरून येणारे पैसे पौंडांत मोजले तर निम्म्याहून कमी उरले, हप्ते चुकले आणि मुलांना देश सोडण्याच्या सूचना मिळाल्या. मुलं आळशी नव्हती, फसवणारीही नव्हती. आपला रुपयाही डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरला नव्वदच्या पलीकडे गेला. ज्याने कर्ज रुपयांत मोजून काढलं आणि फी परकीय चलनात भरायची आहे, त्याच्यासाठी ती पेपरातली आर्थिक बातमी राहत नाही.

तीन आठवडे पोरगी कोणाला बोलली नाही. एक वेळ जेवत होती. भावाला कळलं तेव्हा तोही बोलला नाही. मी खोदून विचारल्यावर म्हणाला, "बॅनर लागलाय नाक्याव. आता कोनाला तोंड दाखवू?"

गावाने कौतुक केलं, म्हणून गावाकडे मदत मागता येईना. बॅनर लावणाऱ्यांत मी होतो म्हणून हे मला जास्त लागलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. विद्यापीठात अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी एक कक्ष असतो, हप्ता लांबवून मागता येतो, हे तिला तिथल्या एका मराठी बाईंनी सांगितलं. ओळख कुठली, तर दुकानात दोघी एकाच वेळी शेवग्याच्या शेंगांना हात घालत होत्या. विद्यापीठाने सहा आठवडे दिले. आम्ही पाच-सात घरांनी मिळून पैसे उभे केले. पोरगी शिकते आहे. पण एका मुलीचं वर्ष शेवग्याच्या शेंगेवर तरून जावं, ही काही व्यवस्था नव्हे.

व्यवस्था म्हणजे काय, हे शोधायला लांब जायला नको. आपल्या शाळेवर ज्या संस्थेचं नाव आहे तिच्याकडे बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, कारण खेड्यातल्या पोराला शाळा परवडली तरी गावाबाहेर राहणं आणि दोन वेळचं जेवण परवडत नाही, हे त्यांना कळलं होतं. घरोघर मूठ-मूठ धान्य जमवलं. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली तीही याच हिशेबाने. शिक्षणातला मोठा खर्च फीचा नसतो, परक्या गावी तग धरण्याचा असतो. आता परकं गाव साताऱ्याऐवजी लेस्टर किंवा टोरांटो झालं, एवढाच फरक.

आणि परदेशी गेलेल्यांची गोष्ट तरी काय वेगळी? आपल्या शेजारच्या कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला गेली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी दंतवैद्याकडे नंबर लागेपर्यंत एक मासिक चाळलं, त्यात तिच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं, पत्र वाचलं, आणि एका अनोळखी मुलीला घरात घेतलं. कॉलेजने शिष्यवृत्ती दिली. तरी पुढे फिलाडेल्फियात तिला मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट पेटायची नाही. एकतर धूर, नाहीतर गारठा. आनंदीबाईंच्या आजाराची कहाणी सांगताना आपण नियतीला बोल लावतो. मला ती शेगडी आठवते. शिष्यवृत्तीच्या कागदावर खोली ऊबदार आहे की नाही हे लिहिलेलं नसतं.

बाबासाहेबांचं शिक्षण म्हटलं की सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती आपल्याला आठवते, आणि ते खरंच आहे. १९१३ ला दरमहा साडेअकरा पौंडांवर ते कोलंबियाला गेले. पण १९१७ साली मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. ते पुरं करायला १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे दीड हजार आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांवर. लंडनमध्ये रात्री पापडावर भूक भागवायचे. भथेनांचे पैसे उसने होते, दान नव्हे, आणि ते वेळेवर मिळाले. माझ्या मते अशा मदतीचा हाच नमुना सगळ्यात चांगला.

तेव्हा समितीकडे माझं मागणं असं. एक उसनवारीचा निधी उभा करा. शिष्यवृत्ती नको, त्यासाठी सरकार आहे. इतर मागासवर्गीयांसाठी राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण जागा पंचाहत्तर आणि विद्यापीठ जगातल्या पहिल्या दोनशेत हवं. इतर मागासवर्गीयांच्याच महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे, परदेशी शिक्षणाच्या वीस लाखांपर्यंतच्या कर्जाला. तिच्यासाठी आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हायला हवं, म्हणजे पुन्हा तारणाशी गाठ. या योजनांचे फॉर्म भरायला आपल्या भागात कोणी बसलेलं नाही, ते बसवा. पण निधी वेगळा. तो फक्त दोन गोष्टींना: चुकू पाहणारा हप्ता आणि पहिल्या महिन्याचं छप्पर. बिनव्याजी, नोकरी लागल्यावर परत, आणि परत आलेला पैसा पुढच्या पोराला. भिशी चालवणाऱ्या आमच्या बायकांना विचारा, असा हिशेब कसा ठेवायचा ते त्या तुम्हाला शिकवतील.

पैसे कुठून आणायचे, असं कोणी विचारणार. एका हळदीला डीजेवर काय जातं ते मी इथे लिहीत नाही, गावात राहायचं आहे. क्रिकेटच्या चषकाचं पहिलं बक्षीस किती असतं हे मात्र बॅनरवर छापलेलंच असतं. एका सीझनचं एक बक्षीस निधीला द्या.

आणि छप्पर? मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावांचे जुने क्लब आहेत, कोकणीत त्यांना कूड म्हणतात. जहाजावर जाणारा खलाशी गावाहून यायचा, आपल्या गावाच्या कुडीत ट्रंक ठेवायचा, नाममात्र पैशांत राहायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर प्रार्थना करायचा आणि बोट मिळाली की निघायचा. लालबाग-परळला कोकणातल्या गावमंडळांच्या खोल्या होत्या त्या अशाच, एकाच खोलीत अख्खी वाडी झोपायची. कॅनडातल्या गुरुद्वारांत आज पंजाबची पोरं लंगरला जेवतात, खोली मिळेपर्यंत कित्येकांना तिथूनच आसरा मिळतो. आपल्याकडे काय आहे? लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. अमेरिका-कॅनडातल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. गणपती उत्तम होतात, अधिवेशनं होतात, नाटकं जातात. त्यांच्यावर टीका करायचा मला अधिकार नाही, मी त्यांना कधी साधं पत्रही लिहिलेलं नाही. समितीने लिहावं. एवढंच विचारावं की आमच्या पोरांना पहिले पंधरा दिवस पाठ टेकायला जागा आणि जामीनदाराबद्दल चार शब्द सांगणारं माणूस मिळेल का. बदल्यात आमच्याकडून त्यांच्या इथल्या म्हाताऱ्या आईवडिलांची विचारपूस होईल. विमानतळ आता आमच्याच दारात आहे, म्हाताऱ्यांना न्यायला-आणायलाही जाऊ. त्यांनाही याची गरज असते, हे मला त्या शेवग्याच्या शेंगांच्या बाईंनीच फोनवर सांगितलं.

एक गोष्ट कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. निधीच्या कमिटीला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. प्रत्येक पोराने परदेशी गेलंच पाहिजे असं नाही. नाव न ऐकलेल्या कॉलेजातला एक वर्षाचा कोर्स, चाळीस लाखांचं कर्ज, आणि पुढे नोकरीचा व्हिसा मिळेलच याची खात्री नाही. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि खात्यात दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून दुपटीने वाढवली. इंग्लंडने शिक्षणानंतर राहण्याची मुदत दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणायचं ठरवलं आहे. २०२३ मध्ये पंजाबच्या कित्येक मुलांना कॅनडात कळलं की एजंटाने दिलेलं प्रवेशपत्रच खोटं होतं, तेही अनेक वर्षं तिथे काढल्यावर. म्हणून जायच्या आधी कागद तपासायला दोन जाणती माणसं बसवा. आपल्यातलीच तिकडे शिकून आलेली पोरं आहेत, रविवारी ती घरीच असतात. फाईल बघून 'थांब' म्हणणारा माणूस निधीतल्या लाखभर रुपयांपेक्षा मोलाचा.

तारणाचा विषय तर फक्त समितीनेच उचलण्यासारखा आहे. सिडकोशी बोलणी कशी करायची हे आपल्याला कोणी शिकवायला नको. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर शैक्षणिक कर्जासाठी ना-हरकत ठरलेल्या दिवसांत मिळावं, वारसनोंदी गावात शिबिर घेऊन निकाली निघाव्यात, आणि गरजेपोटीच्या घरांना बँक मानेल असा कागद मिळावा. हक्कसोडावर सही करणाऱ्या आत्यांच्या मुलींनाही निधीचा दरवाजा तेवढाच उघडा असू द्या. सही घ्यायला आपण त्यांच्या सासरी जातो, मदत करतानाच गावाची हद्द आठवू नये.

आणि बॅनर लावू नका. लावायचाच असेल तर पोरगी पदवी घेऊन आल्यावर लावा. माझा नवा फोटो देतो.

येत्या २४ जूनला दिबांच्या स्मृतिदिनाला आपण जमणारच. भाषणं एकेक मिनिटाने कमी करा आणि हा एक विषय घ्या. कागद तपासायला आणि फॉर्म भरायला शाळेतली एक खोली दर रविवारी सकाळी दहा ते एक मिळावी म्हणून मी अर्ज लिहून ठेवला आहे, त्यावर समितीची सही हवी. निधीची वही मी घेऊन येईन. पहिल्या पानावर माझ्या नावापुढे पाच हजार लिहिले आहेत, भावाने हजार. त्याचा ट्रेलर मार्चपासून पुन्हा यार्डात जाऊ लागला आहे.

आपला,
जासईचा एक ग्रामस्थ